माशांसाठी निळा लाईट

गेली एकोणीस वर्षं मी रसायनीच्या एका केमिकल कंपनीत परचेस खात्यात आहे आणि आजवर एकही वस्तू महाग घेतलेली नाही. वस्तू चुकीची निघणं ही वेगळी गोष्ट आहे. तिचा जाब प्रॉडक्शनवाल्यांनी द्यायचा असतो. घरात मात्र प्रॉडक्शन खातं नसल्यामुळे जाब मलाच द्यावा लागला, आणि तोही मेहुण्यासमोर.

सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, माहेर अलिबागकडचं. उंबऱ्यावर उभं राहिलं की समुद्र दिसायचा, असं ती सांगते. (मी जावई म्हणून पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला शेजाऱ्याचा माड आणि दोरीवरची त्याची लुंगी एवढंच दिसलं, पण ते असो.) लग्न होऊन ती आली लोधिवलीला. इथे मागच्या दाराला भाताची शेतं आणि पुढच्या दाराला जुना हायवे. एकवीस वर्षांत तिने स्वतःसाठी काही म्हणून मागितलं नाही, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगायचो. तिला कुणी विचारलं नव्हतं, हा मुद्दा त्या चारचौघांपैकी कुणी काढला नाही.

मग तिची दाढ दुखली. पनवेलच्या दातांच्या दवाखान्यात सहा फेऱ्या झाल्या आणि तिथे वाट बघायच्या खोलीत एक काचेची टाकी होती. खाऱ्या पाण्याची. आत रंगीत कोरल, त्यांच्या मधून फिरणारे मासे. आमची सुनंदा दाढ विसरली. नंबर आला तर मागच्या बाईला म्हणायची, "तुमी जा पुढं, मला घाई नाय." शेवटच्या फेरीहून परतताना रिक्षात म्हणाली, "मला असली एक टाकी पायजे." इंजेक्शन अजून उतरलं नसेल, असं समजून मी गप्प बसलो.

पण तिचा भाऊ सतीश गप्प बसला नाही. सतीश अलिबागला असतो, त्याला या माशांचं वेड आहे, आणि त्याला माझ्यापेक्षा सगळंच जास्त कळतं. त्याने मोठी टाकी घेतली आणि आपली जुनी, दीड फुटाची, राखीला बहिणीच्या ओवाळणीत घातली. सोबत पंप, दगड, मिठाची गोणी आणि सूचना. पहिली सूचना म्हणजे सहा आठवडे टाकीत नुसतं पाणी मुरू द्यायचं. माझे वडील, आप्पा, जन्मभर भातशेती केलेला माणूस. ते रोज सकाळी त्या रिकाम्या टाकीसमोर चहा घेऊन बसायचे आणि विचारायचे, "काय रं, उगवलं का काय?"

नवरात्रात सतीश मासा आणि कोरल घेऊन आला. मासा एकच, बोटभर, केशरी, अंगावर पांढरे पट्टे. आणि एका दगडावर चिकटलेली अकरा बारीक हिरवी फुलं, ज्यांना तो 'बटणं' म्हणत होता. हे फूल नव्हे, प्राणी आहे, असं त्याने सांगितलं. त्याच्या अंगात शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्राण्याला देतं.

"म्हंजे भाडेकरू मालकाला पोसतो," आप्पा म्हणाले. "ह्यो धंदा बरा हाय."

"पण त्यासाठी लाईट बरोबर लागतो," सतीश म्हणाला. "साधा बल्ब नाय चालायचा. निळा जास्त, पांढरा कमी. दिवसातून आठ-नऊ तास. दोन आठवडे तशीच अंधारात ठेवलीत तर बटणं मरतील. माझा लाईट मला नवीन टाकीला लागतो, तेवढा भावोजी घेतील."

सुनंदा लगेच म्हणाली, "मी मोबाईलवरून मागवते ना. नवशिक्यांसाठी छोटा, स्वस्तातला मिळतो. मी बघून ठेवलाय."

इथे मी हसलो. परचेसमधला माणूस घरात असताना बाईने मोबाईलवरून वस्तू मागवायची! मी म्हणालो, "तू नको डोकं लावू. ते माझं काम हाय. मी आणतो."

सुनंदा काही बोलली नाही. बायको काही बोलत नाही तेव्हा आपलं पटलं, असं मी एकवीस वर्षं धरून चाललो आहे.

कुठलीही खरेदी तीन कोटेशनशिवाय करायची नाही, हा माझा नियम. पहिलं कोटेशन पनवेलच्या मत्स्यालयवाल्याकडून घेतलं. त्याने जो आकडा सांगितला त्यात आमच्या गोठ्याचे पत्रे बदलून झाले असते. मी त्याला म्हणालो, "मला सूर्य नकोय, लाईट हवाय." तो म्हणाला, "साहेब, कोरलला सूर्यच हवाय." दुसरं कोटेशन मी स्वतःचंच घेतलं. घरातल्या टेबललॅम्पवर पतंगाचा निळा कागद डकवला. (खर्च शून्य. हे मी ऑफिसात दोघांना सांगितलंही.) टाकी निळी दिसू लागली, मासा निळा दिसू लागला, आप्पा त्या उजेडात पेपर वाचायला बसले तर ते आजारी दिसू लागले. बटणं मात्र मिटली ती मिटलीच. सुनंदा सकाळी उठून आधी तिथे जायची, वाकून बघायची आणि मग गॅस पेटवायची. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "दोन बटणं काळी पडलीत." फक्त एवढंच म्हणाली, आणि मला ऑफिसात दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

म्हणून शनिवारी मी जवळच्या चौक गावात युनूसभाईंच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. युनूसभाई मूळचे श्रीवर्धनकडचे, पण तीस वर्षं झाली, चौकातल्या ढाब्यांना, गॅरेजांना आणि मंडपवाल्यांना वायरीपासून जनरेटरपर्यंत सगळं तेच पुरवतात. त्यांच्याकडे नाही अशी वस्तू नाही.

"युनूसभाई, माशांसाठी लाईट पायजे," मी म्हणालो. "निळा."

"हाय ना. घरासाठी का ढाब्यासाठी?"

"घरासाठी."

"मग छोटा घ्या. मोठा ढाबेवाले नेतात. चौकात आपला लाईट नाय असा एक ढाबा दाखवा."

मला आनंद झाला. दोन-तीन ढाब्यांत गल्ल्याशेजारी माशांच्या टाक्या मी स्वतः पाहिल्या होत्या. जी वस्तू पनवेलला सोन्याच्या भावात विकतात ती चौकात ढाबेवाले सर्रास वापरतात, हे सतीशला कुठून कळणार!

"पण त्यांना निळाच लागतो म्हणतात, खरं हाय?"

"निळ्यावरच येतात त्या. पिवळ्याकडं बघत पण नाय."

"किती तास चालू ठेवायचा?"

"दिवसभर ठेवा. जितका जास्त ठेवाल तितका फरक दिसंल."

"त्रास नाय ना होणार त्यांना?"

युनूसभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "त्रास कसला? एका सेकंदात काम होतं, कळत पण नाय. तुमी लय दयाळू माणूस हाय हो."

कोटेशनच्या वेळी दुकानदार स्तुती करतोच, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी खोकं उघडून दाखवलं. दोन निळ्या नळ्या, पुढे तारेची जाळी, खाली सरकता ट्रे. जाळी पाहून तर मी खूशच झालो, कारण हा मासा टाकीबाहेर उडी मारतो, वरती जाळी लावा, असं सतीशने बजावलं होतं. इथे जाळी फुकट! "जाळीला हात लावू नका, झटका बसतो," युनूसभाई म्हणाले. विजेची वस्तू आहे, झटका बसायचाच. "ट्रे महिन्यातून एकदा साफ करायचा."

"ट्रेमधी काय जमतं?"

"तेच."

"तेच म्हंजे?"

"आता सगळं तोंडानं काय बोलवता, जेवायची वेळ हाय."

मी समजलो, मीठ.

खोक्यावर माशीचं चित्र होतं, हे मी कबूल करतो. मी ते पाहिलं होतं. मला ते कंपनीचं चिन्ह वाटलं. हत्तीचं चित्र असलेल्या काडेपेटीतून हत्ती निघत नाही, हे कुणालाही माहीत आहे.

रविवारी संध्याकाळी सतीशला मुद्दाम चहाला बोलावलं. लाईट मी दुपारीच टाकीच्या वर, छताच्या हुकाला दोरीने आडवा टांगला होता. ट्रे उजेडाच्या आड येत होता, तो काढून ठेवला. सुनंदाने दोनदा विचारलं, "हा तोच लाईट हाय ना, कोरलचा?" मी म्हणालो, "युनूसभाईंनी चौकातल्या सगळ्या ढाब्यांना दिलाय." त्यावर ती म्हणाली, "ढाब्यावर कोरल?" आणि मी म्हणालो, "तुला धंद्यातलं कळत नाय."

दिवस मावळला. सतीश आला, आप्पा आरामखुर्चीत बसले, सुनंदाने गरम बटाटेवडे आणले. मी सगळ्यांना टाकीसमोर बसवलं आणि घरातले बाकीचे दिवे बंद केले, म्हणजे रंग उठून दिसतील. उकडत होतं, म्हणून मागचं दार आणि खिडक्या सताड उघड्या टाकल्या. शेतातलं भात पिवळं पडायला लागलं होतं. या दिवसांत आमच्याकडे संध्याकाळी कुणीही शहाणा माणूस खिडकी उघडी ठेवून दिवा लावत नाही, कारण शेतातले तुडतुडे पहिल्या दिव्यावर झेपावतात. मी मात्र अर्ध्या लोधिवलीत एकच दिवा लावला, आणि तोही असा, की त्यांना बोलवायलाच बनवलेला.

लाईटचं बटण दाबलं. निळा उजेड पडला. सतीशने मान वाकडी करून वर पाहिलं.

"भावोजी, हा कुठल्या कंपनीचा?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात वरून आवाज आला, चट्. पाण्यात काहीतरी पडलं. मासा वर आला आणि ते गिळून खाली गेला.

"हे काय झालं?" सुनंदाने विचारलं.

"ऑटोमॅटिक हाय," मी म्हणालो. (का म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. मेहुणा समोर असला की माझं तोंड माझं राहत नाही.)

"काय ऑटोमॅटिक?"

चट्. चट् चट्. मासा पुन्हा वर.

"खाणं," मी म्हणालो. "खाणं ऑटोमॅटिक पडतं."

सतीश खुर्चीतून उठला. आणि मग मागच्या दारातून अख्खं शेत आत आलं. तुडतुडे, चिलटं, पंखवाले मुंगळे, नाव नसलेले हिरवे किडे. चट् चट् चट् असा आवाज सुरू झाला तो थांबेचना. जाळीतून ठिणग्या उडायला लागल्या, घरभर जळका वास सुटला, आणि ट्रे मी काढून ठेवलेला असल्यामुळे सगळा माल थेट टाकीत. सतीशच्या चहात तीन पडले. वड्यांवर किती पडले ते मोजायला उजेड नव्हता. माशाने पहिले आठ-दहा खाल्ले आणि मग तो दगडाखाली जाऊन बसला.

आप्पा एवढा वेळ शांतपणे बघत होते. ते म्हणाले, "आरं, हे तर मिठाईच्या दुकानात असतंय. माशा मारायचं मशीन हाय हे."

"आप्पा, तुमी गप बसा, हे माशांचंच हाय," मी म्हणालो, आणि वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

मासा आणि माशी. कागदावर माशांसाठी वेगळं आणि माश्यांसाठी वेगळं. मध्ये एक अर्धा श आणि एक य. शाळेत त्या य साठी गुरुजींनी मला छडी मारली होती. पण हायवेवर ट्रक जात असताना, चौकातल्या दुकानात, तो य कुणाच्या बापाला ऐकू येणार?

त्याच वेळी हाताएवढं एक रात्रीचं फुलपाखरू आलं आणि सरळ जाळीवर बसलं. मोठा जाळ झाला, फाट् असा आवाज आला आणि घराची वीज गेली. सतीशने मोबाईलचा टॉर्च लावला. उरलेलं सगळं शेत सतीशच्या शर्टावर गेलं. अंधारात त्याच्या उड्या ऐकू येत होत्या, आणि इतक्या संकटातही मला जरासं बरं वाटलं, खोटं बोलत नाही.

वीज आल्यावर मी पहिल्यांदा ते मशीन उतरवलं. टाकीत बघवत नव्हतं. वर पंखांचा थर, खाली मिटलेली बटणं.  सुनंदाने चहाची गाळणी आणली, पदर खोचला आणि एकेक किडा वेचून काढायला लागली. सतीश अर्धं पाणी बदलायच्या तयारीला लागला. मी मदतीला पुढे झालो तर ती म्हणाली, "तुमी बसा." तिच्या आवाजात राग असता तर परवडला असता. एवढ्या वर्षांत तिने एक वस्तू मागितली, आणि तिच्यातलं एकच काम माझ्याकडे होतं. मला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

लाजेचं रूपांतर रागात करून सोमवारी मी युनूसभाईंकडे गेलो.

"युनूसभाई, तुमी मला माशा मारायचं मशीन दिलंत."

"मग तुमी काय मागितलं होतं?"

"माशांसाठी लाईट."

"तेच दिलं."

"आवो, माशांसाठी. पाण्यातल्या."

"पाण्यात माशी कशाला जाईल?"

"माशी नाय हो. मासा."

युनूसभाईंनी चष्मा काढला. "मासा?"

"मासा."

"तुमी माशाला लाईट लावता?"

"हो."

"आमी दर्याकडची माणसं. माझ्या आज्यानं जन्मभर मासे विकले. माशाला हळद लावतात, मीठ लावतात, मसाला लावतात. लाईट लावलेला मासा मी आज पयल्यांदा ऐकतो."

"ते राहू द्या. मशीन परत घ्या."

त्यांनी खोकं उघडून आत डोकावलं. "ह्यात तर लय मेल्यात."

"हजारभर मेल्यात."

"म्हंजे मशीन चालतंय. बिघाड असता तर मी लगेच परत घेतलं असतं. चालणारी वस्तू परत करायला कारण काय लिहू?"

माल परत करताना 'कारण' हा रकाना मी एकोणीस वर्षं भरत आलोय, पण त्यात 'वस्तू चालते' असं कधी लिहिलं नव्हतं. मी मशीन घेऊन घरी आलो. जेवताना आप्पांना सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "युनूस बरोबर हाय."

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर दारात कुरियरवाला. सुनंदाने सही केली, खोकं आत नेलं, कात्रीने नीट उघडलं. आतून एक छोटा लाईट निघाला, वाकणाऱ्या दांडीचा, चिमट्याने काचेला लावायचा. निळा जास्त, पांढरा कमी. तिने कागद वाचला, चष्मा लावून पुन्हा वाचला आणि म्हणाली, "पयले थोडे दिवस कमी उजेड ठेवायचा. एकदम जास्त दिला तर भाजतात." आणि तिने तो कमी ठेवला. मी खोक्यावरची किंमत वाचली. युनूसभाईंच्या मशीनपेक्षा दीडशे रुपयांनी कमी होती.

शुक्रवारी सकाळी तिने मला हाक मारली. दोन काळी पडलेली बटणं गेली ती गेलीच, पण बाकीची नऊ उघडली होती. हिरव्या कडा, मध्ये बारीक पिवळा ठिपका, पाण्याच्या हालचालीबरोबर हलणारी. सुनंदा स्टुलावर बसून गालावर हात ठेवून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडला होता आणि तो तिला शोभत होता. मी शेजारी उभा राहिलो. इतकं छान वाटलं की न राहवून विचारलं, "कधी मागवलास गं हा? सोमवारी मागवून मंगळवारी येतो लोधिवलीला?"

"सोमवारी कुठं? आठ-नऊ दिवस लागतात यायला. तुमी 'मी आणतो' म्हणालात ना, त्याच दिवशी मागवला. तुमी अंघोळीला गेला होतात तवा."

"म्हंजे मी आठवडाभर पनवेल, चौक, पतंगाचा कागद..."

"तुमचा उत्साह होता. कशाला मोडायचा?"

 पण परचेसमधला माणूस आहे, हिशेबात एक मुद्दा राहिला होता. "समज गं, मी खरंच बरोबर लाईट घेऊन आलो असतो, तर मग?"

सुनंदाने टाकीवरची नजर काढली. माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि बराच वेळ प्रामाणिकपणे विचार केला.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे माझ्या डोक्यातच आलं नाय."